मोजणीबाहेरचे पाय

मेन्स फिजिक या प्रकाराशी माझं पहिल्यापासून जमलं नाही. शरीरसौष्ठव म्हणजे माणसानं चार बोटांच्या चड्डीत स्टेजवर यावं आणि मानेपासून पोटरीपर्यंत जे काही कमावलंय ते लोकांना दाखवावं, अशा काळात मी वाढलो. पुढच्या पोरांनी गुडघ्यापर्यंतच्या रंगीत बर्म्युडा चढवल्या आणि मांड्याच झाकून टाकल्या. समुद्रावर हवा खायला आल्यासारखी ही पोरं येतात, कमरेवर एक हात ठेवतात आणि हसतात. समोरून उभं राहायचं, पाव वळण घ्यायचं, पाठ दाखवायची, पुन्हा पाव वळण घ्यायचं, की झालं. खांदे रुंद हवेत, कंबर बारीक हवी, डावं-उजवं सारखं हवं, कातडी स्नायूला चिकटलेली हवी. अंग फार मोठंही चालत नाही, त्यालाही मार्क कापतात. पायांना मात्र मार्कच नाहीत. मी याला अर्ध्या माणसाची स्पर्धा म्हणायचो आणि ते बोलून दाखवायला कचरायचो नाही.

तरीही उतारवयात मी याच गटाचा मुख्य परीक्षक झालो, कारण बाकीच्या गटांना पोरं मिळेनाशी झाली होती. आणि माझा सख्खा भाचा, धैर्यशील, याच गटात उभा राहायचा.

मंगलताई माझ्याहून मोठी. तिचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून इचलकरंजीतली माझी जिम हेच तिच्या पोराचं दुसरं घर होतं. पोरगं मेहनती. खांदे असे भरले की दाराच्या चौकटीत मावेनात. पण पाय काटकुळे ते काटकुळेच राहिले. मी चारचौघांत विचारायचो, "धैर्या, पाय घरी विसरून आलास काय?" सुरुवातीला तो हसायचा, मग नुसता बघायचा, आणि एक दिवस बर्म्युडा घालून मेन्स फिजिकमध्ये उभा राहिला. माझी जिमही सोडली. दुसऱ्या गुरूकडे गेला, तरी सणासुदीला घरी येऊन पाया पडायचा. मीही "काय रे अर्ध्या माणसा" म्हणून पाठीत थाप मारायचो. आमच्यातलं प्रेम हे असं होतं आणि मला वाटायचं, त्याला ते कळतं.

पूर्वी भाचा स्टेजवर असता तर मला परीक्षकांच्या टेबलावर बसताच आलं नसतं. सात परीक्षक बसायचे, प्रत्येकजण पोरांना क्रम लावायचा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा काढून टाकायचे आणि उरलेल्यांची बेरीज करायचे. ज्याची बेरीज कमी तो पहिला. नातेवाईक असेल तर परीक्षकानं उठून जायचं. काटा आल्यावर तो नियम गेला, कारण आता मार्क द्यायला माणूसच उरला नव्हता.

काटा हे आम्ही ठेवलेलं नाव. त्या यंत्राचं खरं नाव लांबलचक आहे. स्टेजवर एक गोल चौथरा असतो आणि भोवती सहा खांब. खांबातून अंगावर प्रकाशाचे अतिशय छोटे झटके पडतात, डोळ्यांना न दिसणारे. प्रकाश कातडीतून आत शिरतो, तिथलं मांस केसभर तापतं, तापल्यानं केसभर फुगतं आणि फुगताना बारीक आवाज करतं. पाण्याचा आवाज वेगळा, चरबीचा वेगळा, स्नायूचा वेगळा. खांबातले कान ते आवाज टिपतात आणि त्यावरून अंगाच्या आतलं चित्र काढतात. आम्ही जन्मभर कातडीवरून अंदाज बांधले. हे यंत्र कातडीखाली किती पाणी साठलंय ते पातळ थरासकट दाखवतं. एवढंच काय, स्टेजवरचं हसू खरं की ओढूनताणून आणलेलं, हेही गालाच्या स्नायूवरून ठरवतं.

पण पहिला नंबर कुणाला द्यायचा हे यंत्राला कुणी शिकवलं? आम्हीच. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या स्पर्धांचं चित्रण आणि आम्ही लावलेले क्रम त्याला घोटून घोटून पाजले होते. आम्हाला जे आवडायचं ते त्याला आवडू लागलं. आम्हाला का आवडायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. खरं तर आम्हालाही ते नीट सांगता आलं नसतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सुरुवातीच्या एका स्पर्धेत ओरड झाली की काटा चड्डीच्या आतल्या मांड्याही बघतो आणि गुपचूप त्यांचे मार्क धरतो. मेन्स फिजिकमध्ये पाय मोजायचे नाहीत म्हणजे नाहीत. मग संघटनेनं कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा भाग यंत्राला बंद करायला लावला. पडद्यावर प्रत्येक पोराच्या मधोमध एक काळी पट्टी दिसायची. ती उघडायची तर कुणीतरी फसवणुकीचा आक्षेप घ्यायला हवा, आणि निकाल देऊन झाला की ते चित्र पुसून टाकायचं. मला तर हा नियम भारी आवडला होता. निदान यंत्रानं तरी कबूल केलं की या पोरांना पाय नाहीत, असं मी टेबलावर म्हणालो आणि सगळे हसले.

त्या वर्षीची दख्खन श्री स्पर्धा सांगलीला होती. माझं काम आता एवढंच उरलं होतं: माइकवरून वळणं सांगायची, तुलनेसाठी पोरांना पुढे बोलवायचं आणि काट्याच्या निकालाखाली सही करायची. शेवटच्या सहांत धैर्यशील होता. मी "पाठ" म्हणालो आणि तो फिरला.

अशी पाठ मी आयुष्यात दोन-तीनदाच पाहिली असेल. कातडी कागदासारखी पातळ, एकेक पेड वेगळा. आणि तो अगदी सैल उभा असतानाही त्या पेडांवरून बारीक थरथर धावत होती, उकळी फुटायच्या आधी दुधावर धावते तशी. आम्ही परीक्षक तिला जिवंत पाठ म्हणायचो. पाणी पूर्ण तोडलं, चरबी शून्यावर आणली आणि स्नायू थकून कडेला आला की तो असा फडफडतो. असं दिसलं की आमचं पेन आपोआप एकचा आकडा लिहायचं. काट्यानंही तेच केलं. त्या मोसमातला सगळ्यात वरचा आकडा पडद्यावर आला. मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण मी मुख्य परीक्षक होतो, म्हणून पाण्याचा घोट घेऊन बसलो.

तेवढ्यात दुसऱ्या नंबरच्या पोराचे गुरू, कदम, टेबलापाशी आले. त्यांनी आक्षेप घेतला. कुठलीही पाठ सैल उभं राहून एवढी फडफडत नाही, पोरानं चड्डीखाली विजेचा पट्टा बांधलाय आणि त्याच्या झटक्यांनी स्नायू नाचवतोय, असं त्यांचं म्हणणं. मला राग आला. तरी आक्षेप म्हणजे आक्षेप. आक्षेप ज्याच्यावर आहे त्याला आपलं चित्र बघायचा हक्क असतो. आम्ही आत विचारणा केली तर धैर्यशीलनं स्नायू फुगवायचं रबर ओढता ओढता निरोप धाडला, "तुम्हीच बघा. काय सापडलं तर मामांना कळवा, खूश होतील."

स्टेजमागच्या खोलीत मी आणि काट्याची इंजिनीयर, रेवती दामले, दोघेच होतो. मुलगी पुण्याची, कमी बोलणारी. स्पर्धांच्या कामाला लागण्याआधी ती हेच यंत्र दवाखान्यांत बसवायची. तिनं काळी पट्टी काढली. खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत पाहिलं: पट्टा नव्हता, स्नायू फुगवायला तेल टोचलेलं नव्हतं, काही नव्हतं. मी सही करायला पेन काढलं.

"थांबा सर," रेवती म्हणाली. तिनं डावी मांडी मोठी करून दाखवली. उजवीपेक्षा ती स्पष्ट बारीक होती आणि आतल्या स्नायूत फिकट डाग पडले होते, जुन्या चादरीला विरळ जागा पडतात तसे. त्या डागांच्या कडेनं तीच थरथर धावत होती.

"अशा फडफडीला कंडिशन, म्हणजे उत्तम तयारी, म्हणायची सवय झालीय मलाही, म्हणून सांगते," ती पुढे म्हणाली. "ही कंडिशन नाही सर. हा स्नायू पोरका झालाय."

मग तिनं जे समजावलं ते मी तिच्याच शब्दांत सांगतो. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणाऱ्या पेशी पाठीच्या कण्यात असतात. एका आजारात त्या एकेक करून मरू लागतात. मेलेल्या पेशीच्या ताब्यातले धागे पोरके होतात आणि हुकूम नसतानाच फडफडू लागतात. सुरुवातीला शेजारच्या जिवंत पेशी त्या पोरक्या धाग्यांना दत्तक घेतात, त्यामुळे माणसाला कळतही नाही. ताकद असते, वजन उचललं जातं. पण दत्तक घेणारेही संपत जातात. आधी पाय, मग हात, मग गिळणं, मग श्वास. कुणाचा क्रम वेगळा असतो, पण रस्ता तोच.

"मग काट्यानं एवढे मार्क कसे दिले?" मी विचारलं. हा प्रश्न किती मूर्खपणाचा आहे हे विचारतानाच मला कळलं होतं.

"त्याला आजार शिकवलाच नाही ना सर. त्याला फक्त पहिला नंबर शिकवलाय."

आक्षेप फेटाळला. मी सही केली आणि नियमाप्रमाणे रेवतीनं चित्र पुसलं. जपून ठेवता येणार नाही का, असं मी तिला विचारलं, तर ती म्हणाली की या कामावरचं यंत्र दवाखान्याचं धरत नाहीत, त्यातलं चित्र बाहेर नेलं तर तिच्यावर कारवाई होऊन तिचं शिक्षण वाया जाईल. तिचे डोळे भरले होते. बाहेर धैर्यशीलचं नाव पुकारलं गेलं. त्यानं दोन्ही हातांनी ढाल डोक्यावर धरली, मग खाली उतरून मंगलताईला लहान मुलासारखं उचललं आणि गोल फिरवलं. सगळं सभागृह ओरडत होतं. मी त्याच्या डाव्या पायाकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी ताईच्या घरी गेलो. महिनोन्महिने उकडलेल्या कोंबडीवर काढलेलं पोर समोर ताट घेऊन जिलेबी खात होतं. ताईच्या चेहऱ्यावर असं सुख मी फार वर्षांनी पाहत होतो. बोलायची सुरुवात कशी करायची हे मी रस्ताभर घोकत आलो होतो. डॉक्टर लोक कसं करतात, आधी इकडचं तिकडचं बोलतात, तसं करायचं ठरवलं होतं. पण मी परीक्षक. जे दिसलं ते थेट सांगायची जन्माची खोड.

"धैर्या, तुझ्या डाव्या पायात दोष आहे," मी म्हणालो.

त्याचा घास हातात राहिला. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आजसुद्धा पाय, मामा?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "काल पयला आलो की मी. एक दिवस तरी दम काढायचा."

मी घाईघाईनं सगळं सांगत सुटलो, पेशी, धागे, दत्तक, रेवतीनं सांगितलेलं सगळं. जितकं जास्त बोलत गेलो तितकं ते खोटं वाटू लागलं. चित्र दाखवा म्हणाला, तर ते पुसलेलं. मग ताई उठली. माझ्यासमोरचं ताट उचलून आत नेलं आणि उंबऱ्यात उभं राहून म्हणाली, "विश्वास, माझ्या पोराला तू जन्मभर खाली बघायला लावलंस. आता बास कर." ताई माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती.

माझ्या सांगण्यावरून नाही, पण आईच्या समाधानासाठी तो एका डॉक्टरांकडे जाऊन आला. डॉक्टरांनी समोर असा भरदार गडी पाहिला. पाणी तोडता का, मीठ तोडता का, विचारलं. हा हो म्हणाला. मग फडफड होणारच, असं सांगून त्यांनी क्षाराच्या पुड्या दिल्या. त्यांना काय दोष देणार? पाठ फडफडलेली पाहून जन्मभर आम्हीही तेच म्हणत आलो होतो.

त्यानंतर धैर्यशील देशपातळीवरच्या स्पर्धेच्या तयारीला पुण्याला गेला. माझे फोन तो उचलेना. मी पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात जाऊन मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना भेटलो, पेशंटशिवाय. त्यांनी सांगितलं की आता या आजारावर सुई निघाली आहे. पाठीच्या कण्यात देतात. मेलेली पेशी ती परत आणत नाही, पण जिवंत पेशींना मरण्यापासून थांबवते. सुई दिली त्या दिवशी अंगात जे शिल्लक असेल तेवढं राहतं. पंचांनी शिट्टी मारली की कबड्डीत जो जिथे असेल तिथे थांबतो, तसंच, असं डॉक्टर म्हणाले. आणि तोवर अंगाची ओढाताण करायची नाही, उपाशी राहायचं नाही, पाणी तोडायचं नाही. मी विचारलं, चार-पाच महिने उशीर झाला तर? त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला त्याचे हात हवेत की नकोत?"

त्या चार-पाच महिन्यांत भाचा रोज वजनं उचलत होता, उपाशी राहत होता आणि पाणी तोडत होता. मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. त्याच्या गुरूला भेटलो, त्यांनी मला चहा पाजून बाहेर काढलं. पुण्याला त्याच्या खोलीपर्यंत गेलो, त्यानं दार उघडलं नाही. दाराबाहेर उभं राहून मी हाका मारल्या. आतून गाण्याचा आवाज मोठा झाला.

नागपूरची स्पर्धा आली. तिथे मी परीक्षक नव्हतो, पण परीक्षकाचा परवाना असल्यानं मला आक्षेप घेता येत होता. काळी पट्टी उघडायचा जगात तेवढा एकच मार्ग होता. मी शेवटच्या फेरीआधी अधिकाऱ्यांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो की धैर्यशील खाडे या स्पर्धकानं मांडीत तेल टोचून घेतलंय असा मला संशय आहे. त्यांनी माझा परवाना पाहिला, स्पर्धकाशी नातं विचारलं. मी सांगितलं, सख्खा मामा. खोटा आक्षेप निघाला तर परवाना जाईल, याची त्यांनी मला दोनदा आठवण करून दिली. मी एकच अट घातली: स्पर्धकानं स्वतः येऊन चित्र बघावं. तो आधी नको म्हणाला. मग आक्षेप कुणी घेतलाय हे कळल्यावर स्वतःच तणतणत आला. काट्यावर तिथेही रेवतीच होती.

अंगाला तपकिरी रंग फासलेला, केस चापून बसवलेले, पायात रबरी चपला. खोलीत शिरताना त्याचं डावं पाऊल चपलेसकट जमिनीला घासलं. त्याला ते कळलं नाही. ते फक्त मला आणि रेवतीला दिसलं.

"आता चोर पण ठरवलात मला," तो म्हणाला. "एवढंच राहिलं होतं."

मी रेवतीला खूण केली. तिनं पट्टी काढली.

आता डाव्या मांडीत डाग राहिले नव्हते, डागांमध्ये कुठे कुठे स्नायू राहिला होता. उजवीतही सुरुवात झाली होती. आणि तिनं न विचारता चित्र वर सरकवलं, तर डावा खांदा. ज्या खांद्यांसाठी पोरं त्याचे फोटो भिंतीवर लावायची, त्यातला डावा आतून पोखरला होता. वरून तो भरलेला दिसत होता, कारण कातडी पातळ होती आणि फडफड जोरात होती. काटा त्या फडफडीला मार्क देत होता.

धैर्यशील बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं बर्म्युडा वर सरकवून स्वतःची मांडी पाहिली, दोन बोटांनी दाबली. ती बोटांखाली नाचत होती.

"हे माझं हाय?" त्यानं रेवतीला विचारलं. तिनं मान हलवली. तो माझ्याकडे वळला. "तवा ह्येच सांगत होता व्हय तुम्ही?"

"व्हय रं."

मी त्याला म्हणालो, आताच्या आता निघू, गाडी बाहेर आहे, आजच दवाखान्यात दाखल करतो. त्यानं तोंडावरून हात फिरवला, तर बोटांना रंग लागला. तो रंग त्यानं माझ्या सदऱ्याच्या बाहीला पुसला, लहानपणी पुसायचा तसा. मग म्हणाला, "एवढी फेरी खेळू द्या मामा. परत कुठं उभा राहणार हाय मी?"

मी त्याला अडवायला हवं होतं का? एका फेरीनं काही बिघडणार नव्हतं, आणि जे बिघडायचं ते आधीच बिघडलं होतं. मी बाजूला झालो. त्यानं पाठ दाखवली तेव्हा काट्यानं असा आकडा दिला की पडद्यावर पाहूनही कुणाला खरा वाटेना. सगळीकडे जल्लोष झाला. फोटोवाले ओरडू लागले, दोन्ही हातांनी, दोन्ही हातांनी. त्यानं ढाल उजव्या हातानं वर नेली. डावा हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. फोटोवाल्यांना वाटलं, पोर भावनावश झालंय. स्पर्धा बघायला आलेली ताई, धैर्यानं फेरीआधी सगळं सांगितल्यावर, माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले.

माझा परवाना गेला. त्याचं काही वाटलं नाही.

दवाखान्यातल्या तपासण्या, मंजुऱ्या आणि सुई येईपर्यंतची वाट यात उन्हाळा संपला. तोवर काठीशिवाय त्याला चालता येईना. डावा हात मांडीवरून उचलून पोटावर ठेवायचा तर उजव्यानं उचलावा लागे. ताई त्याला भरवायची आणि तो खायचा. आम्ही तिघं एकमेकांशी फार नीट बोलत होतो. ती सवय आमच्या घरात नव्हती.

सुईच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. त्यांनी एका कागदावर दोन आकृत्या काढून दाखवल्या. ही आजची, म्हणाले, आणि ही सांगलीच्या वेळची असावी, तुम्ही सांगताय त्यावरून. तेव्हा सुई बसली असती तर किंचित लंगडला असता, बस. हात पूर्ण राहिले असते. पुढेमागे लग्न झालं असतं, मूल उचललं असतं. ते शांतपणे बोलत होते, आणि खरं ते सांगायचं असतं असं त्यांचंही मत असावं. मी तो कागद त्यांच्याकडून घेतला आणि खोलीत जायच्या आधी फाडून टाकला.

सुई कण्यात देताना पेशंटला कुशीवर निजवतात आणि गुडघे पोटाशी घट्ट दुमडून धरावे लागतात. धैर्यशीलला ते स्वतःला जमणार नव्हतं. मी म्हणालो, मी धरतो. ताई बाहेर बाकावर बसली, तिच्यानं बघवणार नव्हतं. मी पलंगापाशी खाली बसलो, त्याचे दोन्ही पाय दुमडले आणि मांड्यांखालून हात घातला. त्या पायांना मी तेव्हा पहिल्यांदा हात लावला. इतके हलके होते. माझ्या हातावर ते सारखे फडफडत होते.

त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर होता. डॉक्टर त्याच्या पाठीमागे हातमोजे चढवत होते.

"मामा, एक विचारू?"

"विचार की."

"सांगलीला तुम्ही सांगितलं तवाच ऐकलं असतं, तर हात वाचला असता का?"

डॉक्टरांचे हात थांबले. मला ते दिसलं, त्याला दिसलं नाही. सांगलीचं चित्र पुसलं गेलं होतं. ते पाहिलेली माणसं दोनच, त्यातली रेवती नोकरी सोडून कुठे गेली हे कुणालाच माहीत नव्हतं. उरलो मी. त्या चित्रातले दोन्ही खांदे मला अजून दिसतात, उजवा आणि डावा, एकसारखे, भरलेले, त्यात एक डाग नाही.

"नाही," मी म्हणालो. "हात तवाच गेला होता. चित्रात दिसला होता मला. तुला सांगायचा धीर झाला न्हाई, म्हणून नुसतं पायाचं बोललो."

तो माझ्या डोळ्यांत बघत राहिला. स्टेजवरून पोरं निकालाआधी टेबलाकडे बघतात तसं नव्हतं ते. तो मला तपासत होता. मी नजर हलवली नाही.

"म्हंजे माझ्या हट्टापायी न्हाई गेला."

"न्हाई रं बाळा."

"तुम्ही कुणाला मार्क वाढवून देत न्हाई," तो म्हणाला. स्वतःलाच सांगितल्यासारखं. मग त्याच्या कपाळावरची शीर सैल पडली, त्यानं डोळे मिटले आणि डॉक्टरांना म्हणाला, "घ्या साहेब."

सुई आत गेली तेव्हा त्याचं सगळं अंग एकदा ताठ झालं आणि मी त्याचे गुडघे छातीशी दाबून धरले. औषध सावकाश सोडायचं असतं, त्याला वेळ लागतो. शेवटी सिस्टर म्हणाली, "झालं आजोबा, आता पाय सोडा." मी तसाच धरून बसलो. तिनं पुन्हा सांगितलं. धैर्यशीलला झोप लागली होती, कित्येक महिन्यांनंतरची झोप होती ती, आणि मी हललो असतो तर तो जागा झाला असता.